हॉस्पिटलचं किचन चालवायला घेताय? आधी आकडा शिका

मी आधी लालबागला डबे द्यायचे. रोजचे चाळीस डबे, दोन मदतनीस बायका, गॅलरीत रचलेले कांदे-बटाटे, एवढाच कारभार. मग ओळखीतून कळलं की परळच्या बाजूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला किचनसाठी कॉन्ट्रॅक्टर हवाय, ११० बेड. मला वाटलं चाळीसचे एकशे दहा झाले, अजून चार माणसं ठेवू, त्यात काय मोठं. पहिल्या तीन महिन्यांत घरातले पैसे गेले आणि वजन सहा किलोने उतरलं.

आता आठ वर्षं झाली, दोन हॉस्पिटलं आणि एक शाळा सांभाळते. नवीन लोक फोन करून विचारतात "ताई कसं सुरू करू", आणि प्रत्येकाला पहिली चिंता असते चवीची. अहो स्वयंपाक तुम्हाला येतो म्हणूनच तुम्ही इथे आलात ना. अडकतो तो माणूस आकड्यात अडकतो, किती ताटं, किती वाजता, कुठल्या बेडला, आणि त्या ताटाचे पैसे कोण कधी देणार. म्हणून त्या आकड्यांबद्दलच लिहितेय.

१. नक्की काय घेताय ते ठरवा

"कॅन्टीन मिळतंय" असं लोक म्हणतात पण त्यात तीन वेगळे धंदे असतात. एक, पेशंटचं जेवण, इथे हॉस्पिटल तुम्हाला पेशंटमागे दिवसाचा रेट देतं. दुसरं, काउंटर, म्हणजे नातेवाईक, डॉक्टर, स्टाफ पैसे देऊन खातात आणि तुम्ही हॉस्पिटलला भाडं किंवा विक्रीचे टक्के देता. तिसरं, सगळा खर्च हॉस्पिटलचा आणि तुम्हाला चालवायची ठरलेली फी. हा तिसरा प्रकार नवीन माणसाला सहसा कोणी देत नाही.

बहुतेक ठिकाणी पहिले दोन एकत्र गळ्यात पडतात, आणि खरं सांगायचं तर पेशंटच्या जेवणात काही उरत नाही, काउंटरचा चहा-वडा-इडलीच घर चालवतो. म्हणून काउंटर दुसऱ्या कोणाला दिलेला असेल आणि तुम्हाला फक्त पेशंटचं जेवण देत असतील तर रेट दहादा तपासा.

२. जागा तीन वेळा बघा

एकदा सकाळी सहाला, एकदा दुपारी साडेबाराला, एकदा रात्री आठनंतर. ऑफिसवाले अकराला बोलावतात, किचन पुसलेलं असतं, एसीत चहा देतात, तेव्हा काहीच कळत नाही.

सहाला गेलात की पाण्याला प्रेशर आहे का ते कळतं. साडेबाराला लिफ्ट बघा, हे मी कळवळून सांगतेय. किचन तळघरात, वॉर्ड पाचव्या मजल्यावर, लिफ्ट एकच, आणि त्याच वेळी स्ट्रेचर आलं तर ट्रॉली थांबणार, थांबलीच पाहिजे. मी घड्याळ लावून बसले होते, एका फेरीला चौदा मिनिटं लागत होती. तेव्हाच कळलं की एका ट्रॉलीत भागणार नाही, दोन घ्याव्या लागतील. रात्री आठनंतर झुरळं आणि ड्रेनेज दिसतं. एक्झॉस्टची चिमणी कुठे सोडलीय, ग्रीस ट्रॅप म्हणजे सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी आहे का, गॅस पाइपचा की १९ किलोचे सिलिंडर आणि सिलिंडर ठेवायला बाहेर जाळीची जागा आहे का, सगळं वहीत लिहा आणि मोबाईलवर फोटो काढा. हे फोटो पुढे लागतात.

३. करार वाचा, मग परत वाचा

इथे थांबते जरा, कारण मी इथेच बुडाले होते.

रेट पेशंटमागे होता आणि मी हिशोब धरला ११० बेडचा. पण बेड म्हणजे पेशंट नाही. दिवाळीत ज्यांचं ऑपरेशन पुढे ढकलता येतं ते सगळे पुढे ढकलतात, माझ्याकडे आकडा साठवर आला, आणि भटारी, हेल्पर, वाढपी तेवढेच, पगार तेवढाच. उलट ऑगस्ट-सप्टेंबरला डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत बेड फुल. म्हणून करारात कमीत कमी ताटांची हमी घाला, म्हणजे पेशंट कितीही कमी असले तरी अमुक ताटांचे पैसे मिळणारच. नाही म्हणाले तर रेट त्या हिशोबाने वाढवून सांगा. लाजू नका.

मग भाववाढीचं कलम. दोन-तीन वर्षांचा एकच रेट बांधून घेतात, आणि तूरडाळ, तेल, टोमॅटो यांना तुमचा करार माहीत नसतो. दरवर्षी किती टक्के वाढ ते आकड्यात लिहून घ्या, "परस्पर संमतीने" असं लिहिलं असेल तर ती संमती कधीच येत नाही.

लाइट बिल कोणाचं, पाणी कोणाचं, पेस्ट कंट्रोल कोणाचं, फ्रीज बिघडला तर कोणी दुरुस्त करायचा, दंड कशाकशाला आणि किती. एका ठिकाणी मला जेवण वीस मिनिटं उशिरा गेलं म्हणून दंड लावला होता आणि उशीर झाला होता लिफ्ट बंद होती म्हणून. लिफ्ट त्यांची, दंड माझा. आता मी कलम घालते, की जागेच्या बिघाडामुळे झालेला उशीर धरायचा नाही.

आणि पेमेंट. माझे एकदा पाच महिन्यांचे पैसे अडकले होते, नाव घेत नाही. तुम्ही आधी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, करार सही करायच्या आधी, फुकट होतं आणि ऑनलाइन होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करारात ९० दिवस लिहिले तरी तो ४५ च्या वर जात नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. लगेच तक्रारीची धमकी द्यायची नसते हो, धंदा करायचाय, पण बिलावर उद्यम नंबर छापलेला दिसला की अकाउंटवाले फाइल जरा वर ठेवतात. तरीही हातात दोन-तीन महिन्यांच्या किराण्याचे आणि पगाराचे पैसे नसतील तर हे काम घेऊ नका.

जीएसटीचं सीएला विचारा, पण एवढं डोक्यात ठेवा. कॅन्टीन-केटरिंगला ५ टक्के आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, नाही. म्हणजे कमर्शियल सिलिंडरवरचा १८ टक्के, पॅकिंगवरचा, मशीनवरचा, सगळा जीएसटी तुमच्या खर्चातच जातो, रेट काढताना तो धरा. ॲडमिट पेशंटला डॉक्टर-डाएटिशियनच्या सल्ल्याने दिलेलं जेवण हॉस्पिटलच्या बिलात करमुक्त असतं, पण ती सूट हॉस्पिटलला, तुम्ही हॉस्पिटलला लावलेल्या बिलाला नाही. यात नवीन माणूस हमखास गोंधळतो.

४. कागद

- एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचं, लायसन किंवा रजिस्ट्रेशन. काय लागेल ते उलाढालीवर ठरतं, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर आजची मर्यादा बघून अर्ज करा. आणि ते त्या जागेचं लागतं, घरच्या डब्यांच्या रजिस्ट्रेशनवर हॉस्पिटलचं किचन चालत नाही. ही चूक मी केलीय.
- त्यासाठी जागेचा करार किंवा हॉस्पिटलचं एनओसी, किचनचा नकाशा, मशीनची यादी, पाण्याचा लॅब रिपोर्ट, ओळखपत्र, फोटो. लायसनचा १४ आकडी नंबर बिलावर छापायचा.
- महापालिकेचं हेल्थ लायसन आणि फायरचं. हॉस्पिटलच्या नावावर आधीच काय आहे आणि तुमच्या नावावर काय काढायचं हे वॉर्ड ऑफिसला जाऊन विचारा, दलालाला नाही.
- गुमास्ता म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, जीएसटी, पॅन, उद्यम, चालू खातं.
- ईएसआयसी म्हणजे कामगार विमा १० माणसांपासून, पीएफ २० पासून. हॉस्पिटलवाले बिलासोबत ते भरल्याचं चलन मागतात, चलन नाही तर बिल पास नाही.
- प्रत्येक कामगाराची वर्षाला मेडिकल तपासणी आणि टायफॉइडची लस, सर्टिफिकेट फाइलला.
- फॉसटॅकचं, म्हणजे एफएसएसएआयचं अन्नसुरक्षेचं, ट्रेनिंग, २५ माणसांमागे एक ट्रेनिंग घेतलेला सुपरवायझर. तो तुम्ही स्वतः व्हा, दुसऱ्याला केलंत आणि तो सोडून गेला की सर्टिफिकेटही गेलं.

एनओसीला वेळ लागतो, सुरू करायच्या तारखेच्या दोन महिने आधी मागायला लागा.

५. डाएट शीट, म्हणजे खरा आकडा

सकाळी सातला प्रत्येक वॉर्डमधून डाएट शीट येते. बेड नंबर, नाव, डाएट. नॉर्मल, सॉफ्ट, लिक्विड, डायबेटिक, मीठ कमी, रीनल म्हणजे किडनीवाले, आरटी फीड म्हणजे नाकातल्या नळीतून द्यायचं, आणि एनबीएम म्हणजे तोंडाने काहीच नाही. शिवाय मुंबई आहे, त्यामुळे जैन, उपवासवाले, अंडं चालतं पण मांसाहार नाही असे, आणि संकष्टीला अर्धा वॉर्ड साबुदाणा मागतो.

माझा दुसरा आठवडा होता. चौदा नंबर बेडवर आजी, डायबेटिक. दहाच्या सुमारास त्यांना नऊ नंबरला हलवलं आणि चौदावर पायाचं प्लास्टर घातलेला एक कॉलेजचा मुलगा आला. आमच्याकडे शीट सातची. त्यामुळे बिनसाखरेचं ताट गेलं त्या मुलाकडे आणि नऊ नंबरचं नॉर्मल ताट, त्या दिवशी गुरुवार म्हणून शेवयांची खीर होती, ते आजींपुढे. आजींनी खीर बघून काही म्हटलं नाही, का म्हणतील, त्यांनी आधी वाटीच उचलली. सिस्टर इंजेक्शनला आल्या म्हणून बरं. खाली फोन आला, "ताई, नऊ नंबरला खीर कोणी पाठवली? सकाळची शुगर तीनशेच्या वर आहे त्यांची." मी पाच मजले जिन्याने चढून गेले. दोन चमचे पोटात गेले होते, सुदैवाने पुढे काही झालं नाही. पण सिस्टरनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते विसरत नाही.

तेव्हापासून तीन गोष्टी करतो. सव्वाअकराला सुपरवायझर स्वतः वॉर्डात जाऊन दुसऱ्यांदा आकडा घेतो, नवीन कोण, हललं कोण, डिस्चार्ज कोण, एनबीएम कोणाचं उठलं. ताटाच्या चिठ्ठीवर बेड नंबरसोबत नाव आणि केस पेपर नंबर असतो. आणि वाढपी ताट ठेवायच्या आधी पेशंटला किंवा नातेवाइकाला नाव विचारतो, "तुम्ही सावंत ना?" असं नाही, "नाव काय आपलं?" असं. पहिल्या प्रश्नाला तापात असलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

किडनीच्या पेशंटचं थोडं वेगळं. बटाटा आणि बऱ्याच भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या, ते पाणी टाकायचं, परत उकळून तेही पाणी टाकायचं, म्हणजे पोटॅशियम उतरतं. चव राहत नाही, शिव्या आपल्याला पडतात. "लो सोडियम" मीठ आणून हुशारी करू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. आणि भेटायला येणारी मंडळी शहाळं घेऊन येतात ते आपल्या हातात नाही, पण दिसलं तर सिस्टरना सांगा, शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर. डाएटिशियनशी मैत्री ठेवा. शीटवर लिहिलेलं चुकीचं वाटलं तर स्वतः बदलायचं नाही, फोन करायचा.

आरटी फीडचा मिक्सर वेगळा, गाळणी वेगळी, प्रत्येक वेळी ताजं. गाठ राहिली तर नळी चोकते.

६. माप ओगराळ्याचं

अंदाजपंचे घरी चालतं. मी कच्चा माल असा धरते, दुपारच्या एका ताटाला तांदूळ ८० ग्रॅम, डाळ ३०, भाजी निवडून १०० ते १२०, आणि एक किलो कणकेच्या साधारण ४० चपात्या. काउंटरच्या प्लेटला पोहे ६० ग्रॅम. हे माझं माप आहे, तुमचं पेशंट बघून ठरेल, बाळंतिणींच्या वॉर्डात जास्त लागतं आणि म्हाताऱ्यांच्या वॉर्डात अर्ध परत येतं.

भाजीत निवडण्याची घट धरायला विसरू नका, मटाराच्या शेंगा किलोभर आणल्या तर दाणे निम्म्याहून कमी निघतात. आणि वाढायला प्रत्येक पदार्थाचं एकच ओगराळं ठरवा. वाढप्याने दया येऊन शेवटच्या वॉर्डाआधी जास्त वाढलं की शेवटच्या वॉर्डाला डाळीत गरम पाणी पडतं, हे सगळीकडे होतं आणि कोणी कबूल करत नाही.

परत आलेलं अन्न रोज वजन करून लिहा. पंधरा दिवसांत कळतं की दुधी मंगळवारी सगळा परत येतोय. मग डाएटिशियनला आकडा दाखवून मेनू बदलता येतो, नुसतं "लोक खात नाहीत" म्हटलं तर कोणी ऐकत नाही.

७. थर्मामीटर, फ्रीज, तेल

काडीचा थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. शिजताना आतलं तापमान ७५ अंशांच्या वर, वाढेपर्यंत गरम अन्न ६० च्या वर, थंड ५ च्या खाली. किचनमधून निघताना आणि वॉर्डात पोचल्यावर दोन्ही वेळा मोजून लिहा. माझी डाळ निघताना ८२ आणि पाचव्या मजल्यावर ५४ असायची, दोष डाळीचा नव्हता, ट्रॉलीच्या दाराचं रबर गेलं होतं.

काही थंड करून ठेवायचंच असेल तर दोन तासांत ६० वरून २१ वर आणि पुढच्या चार तासांत ५ वर आलं पाहिजे. मोठा टोप तसाच फ्रीजमध्ये ढकलून हे होत नाही, उथळ ट्रेमध्ये पसरा. पेशंटला मात्र मी कालचं काहीच देत नाही, भातही नाही.

प्रत्येक जेवणाचा नमुना, सगळ्या पदार्थांचा, स्वच्छ डबीत तारीख-वेळ लिहून फ्रीजला ठेवा. मी ४८ तास ठेवते. वॉर्डात चार जणांना उलट्या झाल्या की पहिलं बोट किचनकडे जातं, तेव्हा ही डबी लॅबला देता येते. एकदा अशा डबीनेच आम्हाला वाचवलं, बाहेरून आणलेली बिर्याणी निघाली.

तळणीचं तेल परत परत वापरायचं नाही, पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून तापून खराब होताना त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद, २०१८ पासूनचा नियम आहे. वापरलेलं तेल मान्यता असलेल्या गोळा करणाऱ्यालाच द्या आणि पावती ठेवा. रस्त्यावरच्या गाडीवाल्याला विकू नका, तो चांगला भाव देतो ते खरंय.

८. माणसं आणि पावसाळा

गणपतीला कोकणातली माणसं गावाला जाणारच, होळी आणि छठला उत्तरेकडची जाणारच. तुम्ही "सुट्टी नाही" म्हटलंत तर आजी वारते आणि माणूस जातोच. दोन्हीकडची माणसं मिसळून ठेवा आणि गणपतीच्या आठवड्यात सोपा मेनू आधीच मंजूर करून घ्या. हाताला जखम, जुलाब, खोकला असेल तर त्याला कांदे सोलायलाही बसवू नका, पगार न कापता घरी पाठवा. पगार कापलात तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

भाजी मी वाशीच्या मार्केटवरून मागवते, थोडी दादरहून. जून ते सप्टेंबर चार दिवस पुरेल असा कोरडा शिधा, दूध पावडर, बटाटे-कांदे आणि एक जास्तीचा सिलिंडर ठेवते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मी या धंद्यात नव्हते, पण आजही हिंदमाताला पाणी भरलं की भाजीचा टेम्पो तिकडेच अडकतो आणि सकाळची पाळी ठाणे-कल्याणला. पेशंट तर बेडवरच असतात. म्हणून चालत येऊ शकतील अशी दोन-तीन माणसं तरी शिवडी-लालबाग-परळमधली ठेवा.

९. शाळा असेल तर

शाळा हॉस्पिटलपेक्षा सोपी, आकडा स्थिर असतो, पण वर्षाचे दोन-अडीच महिने सुट्टीचे, भाडं ठरवताना ते वजा करा. जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरमध्ये विकता येत नाहीत, एफएसएसएआयचे २०२० चे नियम आहेत, आणि राज्य सरकारने त्याआधी २०१७ लाच शाळेच्या कॅन्टीनमधल्या जंक फूडवर जीआर काढला होता. म्हणजे चिप्स आणि कोल्ड्रिंकवर नफ्याचा हिशोब मांडू नका. बिल शाळेच्या नावाने असेल तर बारावीपर्यंतच्या शाळेला केटरिंग जीएसटीमुक्त आहे, काउंटरवर मुलांना विकलंत तर ती सूट नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांकडून पहिल्याच दिवशी मागा.

शालेय पोषण आहार हा वेगळा कारभार आहे, तिथे पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन, सहावी ते आठवीला ७०० आणि २० असा हिशोब असतो. कॅन्टीनचा अनुभव नसताना त्यात थेट उडी मारू नका.

१०. भांडी

हे शेवटी लिहितेय पण पहिल्या दिवशी करायचंय. आत जाताना हॉस्पिटलचं काय आणि तुमचं काय याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या, लाइट मीटरचा फोटो काढा. पहिलं हॉस्पिटल सोडताना माझे चोवीस टोप आणि दोन पराती "इथल्याच आहेत" म्हणून ठेवून घेतल्या, माझ्याकडे ना यादी ना खूण. आता भुलेश्वर-तांबाकाट्याहून टोप घेतला की तिथेच नाव कोरून घेते, आणि नावाखाली रिकाम्या टोपाचं वजनही. कोरणारे काका हसतात, म्हणतात "ताई, आहेराला देताय का वजन लिहून?" पण त्या आकड्यामुळे रात्री उरलेली भाजी टोपासकट काट्यावर ठेवता येते, टोपाचं वजन वजा केलं की किती किलो परत आली ते तिथल्या तिथे वहीत चढतं.